मागचा वाचतोय की

मल्लेशम जॉबर माझ्याशी पहिली दोन वर्षं एक शब्दही बोलला नाही, असा माझा समज होता. माणूस शिष्ट आहे, असं मी कारखान्यात घड्या घालणाऱ्या बायकांना सांगूनही टाकलं होतं. प्रत्यक्षात तो रोज बोलत होता. सकाळी ऑफिसच्या दारावरून जाताना 'काय साहेब, चहा झाला का' असं रोज विचारत होता. फक्त आवाज न काढता.

आमचा कारखाना टॉवेलचा. सोलापुरात असे पुष्कळ आहेत. एका पत्र्याखाली चाळीस माग सुरू झाले की शेजारच्या माणसाने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे आत काम करणारे सगळे ओठांवर बोलतात. आवाज काढण्यात अर्थच नसतो, म्हणून कुणी काढत नाही. मल्लेशम तिथे वयाच्या सोळाव्या वर्षापासून. बिघडलेले माग दुरुस्त करणारा तो जॉबर. चार दशकांच्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेले होते आणि आवाज काढायची सवय जवळपास पूर्ण गेली होती. मी ऑफिसातला क्लार्क. मला बोलणं म्हणजे कानावर पडतं ते, एवढंच माहीत. एकदा तो टेबलासमोर उभा राहून बराच वेळ ओठ हलवत राहिला आणि मी वैतागून म्हणालो, "अहो, मोठ्याने बोला." तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, "बोलतोयच की." पुढे मलाही त्याचे ओठ थोडेफार वाचता यायला लागले. पण मला जे कष्टाने जमलं ते त्याला सहज यायचं. रस्त्याच्या पलीकडे दोघं भांडत असले, तर कोण कुणाला काय म्हणालं ते तो इथून सांगायचा. त्याच्यासमोर शेठजींबद्दल कुणी कुजबुजत नसे.

मागाचं दुखणं तो तळव्याने ओळखायचा. चालत्या मागाच्या लोखंडावर हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थेट त्याच नटाला पाना लावायचा. चालायचाही तिरका. मागांच्या दोन रांगांमधली वाट अरुंद, चुकून कोपर लागलं तर हात जाईल, म्हणून तो दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून, एक खांदा पुढे काढून चालायचा. रिकाम्या रस्त्यावरही तसाच. बाजारात मी त्याला पाठीमागून शंभर माणसांत ओळखत असे.

घरी तो आणि त्याची बायको पद्मा, दोघंच. मूलबाळ नव्हतं. पूर्व भागात दोन खोल्या, दारात पाण्याची टाकी आणि तिच्यावर तुळशीचा डबा. पद्मा विड्या वळायची. हात इतका बसलेला, की पान कापताना ती खाली बघायची नाही. एके दिवशी पानं तिरकी कापली जायला लागली. विडी कारखान्यातल्या तपासणाऱ्याने तिच्या सुपातल्या निम्म्या विड्या परत केल्या. मग विडीला दोऱ्याची गाठ बसेना. मग ती चालताना भिंतीला धरायला लागली. भर दुपारी भाजी घेऊन येताना ती दोनदा झोकांडली, तेव्हा शेजारणीने नाकाला पदर लावला. पद्मा शिंदी प्यायला लागली, असं गल्लीत झालं. मल्लेशमच्या कानावर हे कधीच आलं नाही. पण लोकांचे ओठ त्याला दिसत होते.

सोलापुरात निदान होईना, म्हणून पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. फॉर्म इंग्रजीत असतात म्हणून मला बरोबर नेलं होतं. डॉक्टर तरुण, तोंडाला मास्क. तो बोलत होता आणि मल्लेशम त्या निळ्या कापडाकडे बघत होता. शेवटी मी म्हणालो, "डॉक्टर, मास्क खाली घ्या, त्यांना दिसत नाहीये." डॉक्टरला माझं बोलणं विचित्र वाटलं असणार, पण त्याने घेतला. आजाराचं नाव अटॅक्सिया, आणि त्यातलाही एक फार क्वचित सापडणारा प्रकार. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजत जातो. आधी हातपाय, मग जीभ, मग गिळणं. औषध नाही.

बरी होईल का, असं पद्माने विचारलं नाही. तिने अडखळत विचारलं, "माझ्यासारखं आणि कोण हाय?"

डॉक्टर म्हणाला, "असतील कुठेतरी."

हे उत्तर ती सोलापूरपर्यंत उराशी धरून आली. एसटीत तिने मला दोनदा विचारलं, "कुटं असतील?" मी आपला खिडकीबाहेर बघत होतो.

पुढच्या वर्षभरात तिची जीभ जड झाली. बोलणं म्हणजे नुसते लांबट, ओले आवाज. शेजारणी मान डोलवायच्या आणि निघून जायच्या. हळूहळू यायच्याच बंद झाल्या. मी जायचो, हसायचो, बिस्किटाचा पुडा ठेवायचो आणि मला काही कळायचं नाही. कळायचं ते एकट्या मल्लेशमला. आवाज बिघडला तरी ओठ अजून थोडे शब्दांच्या आकारात वळत होते, आणि त्याने आवाजाची पर्वा कधी केली होती? मागांच्या खडखडाटाने त्याचं आयुष्यभर जे नुकसान केलं, त्याचा एवढाच उपयोग झाला. जगात तिचं बोलणं समजणारा एकच माणूस उरला होता, आणि तो रोज बारा तास कामावर असायचा. त्या बारा तासांत ती कुणाशीही बोलत नसे. संध्याकाळी तो दारात चप्पल काढायच्या आधीच तिचे ओठ हलायला लागायचे.

"तेच इचारती रोज," त्याने मला एकदा सांगितलं. "आणि एक तरी घावला का. मी काय सांगू? अक्कलकोटला रांगेत उभारलो तर पुढच्याला मागच्याला इचारतो. तसलं नावच कुणी ऐकलेलं नाही."

मॅरेथॉनची कल्पना माझी. म्हणजे मी बोलून गेलो आणि त्याने धरून ठेवली. आमच्या शहरात थंडीत मॅरेथॉन होते. लोक पाठीवर फलक लावून पळतात, कुणी झाडं लावा म्हणतं, कुणी रक्त द्या. मी वर्तमानपत्रातला फोटो दाखवून म्हणालो, "असं काही तरी करायला हवं. हजारो माणसं असतात." तो फोटो त्याने घडी करून खिशात घातला. चौपन्नाव्या वर्षी, पायात रबरी चपला घालणारा हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी विचारायला आला, की सगळ्यात लांब पळायचं कुठलं असतं.

"बेचाळीस किलोमीटर. पण तुम्ही आपलं पाच किलोमीटरवालं घ्या."

"पाचात किती मानसं दिसनार?" तो म्हणाला. "रस्ता लांब तेवढी मानसं जास्त."

मग आठ महिने तो पहाटे अक्कलकोट रोडने वळसंगच्या दिशेला पळत होता. पळत म्हणजे काय, कोपरं बरगड्यांना, एक खांदा पुढे, तिरका तिरका. ओकटी, रेंडू, मूडू असं त्याच्या घरच्या तेलुगूत पावलं मोजत. त्याच्या मागून दूधवाले सायकलवर पुढे निघून जायचे. मी त्याला हसलो, खोटं कशाला बोलू. पण शेजारणीला दोन तास पद्माजवळ बसायला राजी करून तो जायचा, आणि आल्यावर वाटेत काय काय दिसलं ते तिला सांगायचा, हे मला कळलं तेव्हा हसणं बंद केलं.

पाठीवरचा फलक त्याने कापडी घेतला नाही. शेठजींची परवानगी काढून त्याने अक्षरांच्या मागावर एकच पांढरा टॉवेल विणला. हॉटेलांची नावं असलेले टॉवेल आम्ही विणतोच, त्यातलाच प्रकार. मजकुरावरून आमचं वाजलं. मी दोन दिवस बसून 'दुर्मिळ आजाराशी झुंज, माणुसकीचा जयजयकार' असलं काहीतरी तयार केलं होतं. तो वाचून म्हणाला, "चांगलंय. पण ह्यात इचारलंय कुटं?" त्याने विणलं ते असं: 'माझ्या बायकोला अटॅक्सिया आहे. तुमच्या घरी कुणाला आहे का?' खाली मोबाईल नंबर. लाल धाग्यात, टॉवेलभर. मग मी ठरवलं, की पाठीवर लावायचा, कारण सगळे पाठीवरच लावतात.

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका. पहाटे अंधारात सगळे ओळीत उभे राहिले. पुढे जायला धक्काबुक्की. आमचा मल्लेशम सगळ्यात मागे जाऊन उभा. "पुढं कशाला लोकास्नी आडवं व्हायचं?" असं त्याचं म्हणणं. शिट्टी वाजली आणि हजार माणसं त्याच्या पुढून निघून गेली. त्याच्या मागे एकही माणूस नव्हता. म्हणजे एकालाही तो टॉवेल दिसण्याची सोय नव्हती. मी स्कूटरवरून पुढच्या चौकात जाऊन थांबलो. बराच वेळ सगळे गेले, मग कुणीच नाही, मग तो. आणि त्याच्या मागे, त्याच्याच वेगाने, शेवटच्या माणसाच्या मागे ठेवतात ती ॲम्ब्युलन्स. आठ महिन्यांची मेहनत अशी पाठमोरी वाया चाललेली बघून माझा जीव कळवळला. मी ओरडलो, "टॉवेल पुढे घ्या. छातीवर घ्या. मागे कुणी नाहीये."

त्याने माझे ओठ वाचले. पळता पळताच अंगठा खांद्यावरून मागे दाखवला आणि आवाज न काढता म्हणाला, "मागचा वाचतोय की."

मागचा म्हणजे ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. मी कपाळाला हात लावला.

तिसाव्या किलोमीटरला आयोजकांच्या पोरांनी त्याला वेळ संपली म्हणून गाडीत बसायला सांगितलं. तो त्यांच्या तोंडाकडे न बघता पळत राहिला. ऐकायचं नसलं की तो एवढंच करायचा, मान वळवायची. रस्ते वाहनांना मोकळे झाले. रिक्षावाले हॉर्न मारत बाजूने गेले. ॲम्ब्युलन्स तरी कुठे जाणार, शेवटचा माणूस रस्त्यावर होता. दुपारी बाराच्या सुमाराला तो मैदानात पोचला तेव्हा मंडपवाले कमान सोडवत होते आणि सतरंज्या गुंडाळत होते. पदकांची खोकी टेम्पोत गेली होती. एका कामगाराने त्याला दोन केळी दिली. एक त्याने खाल्लं, दुसरं पद्मासाठी खिशात ठेवलं. ड्रायव्हर खाली उतरून त्याच्याशी काही बोलला, हात मिळवला आणि गेला. टाळी वाजवायला मी एकटाच होतो, आणि एकट्याने टाळ्या वाजवायची मला लाज वाटली.

नंबर त्याने स्वतःचा विणला होता, आणि मागांच्या खडखडाटात फोन वाजला तर कळणार कसा, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. दहा मिस्ड कॉल झाल्यावर त्याने फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुमी घ्या," म्हणाला. फोन यायचे. एकाने जडीबुटी सांगितली. एकाने पद्माच्या जन्माची वेळ विचारली. एकाने मोबाईलवर फिरत आलेल्या कुठल्याशा फोटोत टॉवेल बघितला होता आणि त्याला घाऊक भाव हवा होता. रोज संध्याकाळी मल्लेशम दारात उभा राहून भुवया उंचावायचा आणि मी मान हलवायचो.

मग एका दुपारी एक फोन आला. पलीकडे एक पुरुष, तर्र झालेला. शब्द घसरत होते, एकातून दुसरा फुटत नव्हता. "हॅ... हॅलो..." आणि पुढे नुसता चिखल. मी दोनदा विचारलं, कोण पाहिजे. तिसऱ्यांदा म्हणालो, "दुपारी ढोसून आजारी बाईसाठी दिलेल्या नंबरवर फोन करता, लाज नाही वाटत?" आणि ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा तोच. मी न ऐकताच कापला. दुसऱ्या दिवशी एकदा. मग आला नाही.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो होतो. पद्मा दारात खुर्चीवर, कमरेला पातळाची पट्टी बांधून बसवलेली. मला बघून तिने हाक मारली. माझं नाव गायकवाड. ते तिच्या तोंडातून आलं तसं मी नेहमी ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी ऐकलं आणि माझ्या हातातला बिस्किटाचा पुडा तसाच राहिला. तोच चिखल. तेच घसरणं. शिंदी पिते म्हणणाऱ्या गल्लीला मी किती नावं ठेवली होती, आणि मी काय केलं होतं?

मल्लेशमला मी सगळं सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. माझं सांगून झाल्यावरही बघतच राहिला, जणू अजून काही यायचं बाकी होतं. मग म्हणाला, "नंबर हाय का?" एवढंच. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मी तिथूनच फोन लावला. बाईने उचलला, करमाळ्याहून. मी चाचरत विचारलं, या नंबरवरून कुणी फोन केला होता का.

"व्हय. आमचं भाऊजी हायत, हणमंत. त्यास्नी बोलाया येत न्हाय नीट. पर मीच बोलनार म्हनले. त्येंच्यावानी दुसरं कोन हाय ते बगायचं हुतं त्यास्नी." मग ती म्हणाली, "लई वंगाळ बोललं हो तिकडनं कुनीतरी. दोन दिवस जेवलं न्हाईत."

तो मीच, हे मी तिला सांगितलं. तिने पत्ता सांगितला.

टॉवेलचा तो फोटो ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने काढला होता. सात तास त्याच्यासमोर वाचायला तेवढंच होतं. त्याने तो ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकला, आणि कुणाच्या घरात कोण कसला पेशंट आहे हे त्या लोकांइतकं कुणाला ठाऊक असतं? करमाळ्याच्या ड्रायव्हरने हणमंतला दोनदा पुण्याला नेलं होतं.

पंधरा दिवसांनी जीप करून आम्ही करमाळ्याला गेलो. हणमंत पंचेचाळिशीचा, बाजार समितीत मापाडी होता, आता ओसरीवर बाजेला टेकून बसलेला. पद्माची खुर्ची आम्ही त्याच्यासमोर ठेवली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मल्लेशम मध्ये, दोघांचे ओठ दिसतील असा, जमिनीवर. हणमंत काहीतरी म्हणाला. मल्लेशमने सांगितलं, "इचारतोय, शर्टाची बटनं कोण लावतं. तिकडं त्याची वहिनी लावती." पद्मा हसली, हात वेडावाकडा करत काही बोलली. "म्हनती, बायकांचं बरंय, बटनं नसतात." हणमंत हसायला लागला तो थांबेना. मग पाणी पिताना ठसका लागतो का. मग पडताना आधी कळतं का. मग लोक प्यायलेला समजतात का. यावर दोघं एकदमच बोलायला लागले.

थोड्या वेळाने मल्लेशम गप्प झाला. मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"मला कशाला इचारता?" तो म्हणाला. "त्यांचं त्यांना कळायलंय की."

खरंच कळत होतं. एक लांबट आवाज, त्याला दुसरा लांबट आवाज, मध्ये हसू. त्यांच्या घसरत्या बोलण्याला तिसऱ्याची गरज उरली नव्हती. मल्लेशम उठला आणि अंगणात लिंबाखाली जाऊन उभा राहिला, कोपरं अंगाशी धरून. चार वर्षं तो पद्माचा एकुलता एक माणूस होता. आता तिला दुसरा मिळाला होता, आणि तो त्यानेच पळून पळून शोधून आणला होता. मी त्याच्याजवळ गेलो नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी हणमंतचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पद्माच्या मांडीवर उशी ठेवून फोन तिच्यासमोर उभा केला जायचा. सात महिने. मग एका सकाळी तिच्या घशात चहा अडकला आणि ती गेली. हणमंतला त्या संध्याकाळी मल्लेशमने स्वतः फोन लावून सांगितलं. कसं सांगितलं, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. दिवस झाल्यावर त्याने जॉबरकी सोडली. माझं त्याच्याकडे जाणं कमी झालं. बिस्किटाचा पुडा कुणासाठी न्यायचा, असा बहाणा मी स्वतःला सांगत होतो.

यंदाच्या मॅरेथॉनला मी सहज म्हणून चौकात गेलो. घरी रविवारचा चहा एकट्यानेच करायचा असतो, तो बाहेर घेतला. सगळे गेले, रस्ता रिकामा झाला, टपरीवाल्याने माझा कप धुऊन ठेवला. आणि मग कोपऱ्यावरून तो आला. तिरका, हळू, मागे ॲम्ब्युलन्स. धुऊन धुऊन टॉवेलचा लाल रंग विटला होता, तरी अक्षरं वाचता येत होती. त्याने एका हातात फोन चेहऱ्यासमोर धरला होता.

मी आधी समजलो फोटो काढतोय. मग त्याचे ओठ हलताना दिसले. आवाज नव्हता. समोर स्क्रीनवरही कुणाचे तरी ओठ हलत असणार, तिकडे करमाळ्यात, ओसरीवर. सोलापुरातल्या एका अर्धबहिऱ्या माणसाला ते वाचता येत होते. चौक ओलांडताना तो थांबला आणि त्याने फोन फिरवून रिकामा रस्ता, मी उभा होतो ती टपरी, मागची गाडी असं सगळं हणमंतला दाखवलं. टपरीवाला म्हणाला, "सकाळी सकाळीच लावलीय वाटतं म्हाताऱ्याने." मी हात वर केला. मल्लेशमचं लक्ष फोनमधल्या ओठांकडे होतं. पलीकडे काहीतरी विनोदी बोललं गेलं असावं, कारण तो हसला, मान हलवली, काही उत्तर दिलं. मग कोपरं पुन्हा बरगड्यांना लावली आणि फोन तसाच समोर धरून तो पळायला लागला. ॲम्ब्युलन्स त्याच्या मागून हळूहळू निघाली.